गोचिडीचा ताप कसा ओळखावा?

(नभोवाणीवरील भाषण)



मुंबईंतल्या आपल्या घरीं सकाळीं नळाला जें पाणी येतें, त्यांतलें निम्म्याच्या आसपास पाणी शहापूर तालुक्यांतील भातसा धरणाचें असतें. धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रानें पिसें येथील बंधाऱ्यापर्यंत येतें, पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होतें आणि मग मोठमोठ्या नळांवाटे आपल्या स्वयंपाकघरांत पोंचतें. धरण भरलें कीं नाहीं, याची विचारपूस आपण प्रत्येक पावसाळ्यांत मोठ्या आस्थेनें करतों. परंतु ज्या खोऱ्यांतून हें पाणी येतें, त्या खोऱ्यांतल्या माणसांस कोणते ताप येतात, याची विचारपूस आपल्या हातून क्वचितच होते. आज अशाच एका तापाविषयीं आपणांशीं बोलावें, असें मीं योजिलें आहे. हा ताप गोचिडीच्या दंशानें येतो. तो ओळखतां आला तर अगदीं साध्या औषधानें बरा होतो, आणि ओळखतां आला नाहीं तर प्राणांवर बेततो. म्हणून तो ओळखावा कसा, हाच आजच्या भाषणाचा मुख्य विषय आहे.

भातसानगर हें धरणाच्या कामासाठीं वसलेलें गांव. त्याच्या उत्तरेस कसाऱ्याचा घाट, पश्चिमेस आसनगांवजवळचा माहुलीचा गड, पूर्वेस सह्याद्रीची रांग, आणि दक्षिणेस मुरबाड तालुका. ठाणें जिल्ह्याच्या या भागांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा लोकांची वस्ती आहे. पावसाळ्यांत भात लावावयाचें, पाऊस सरला कीं माळावरचें गवत कापावयाचें, रानांतून सरपण आणावयाचें, आणि वर्षभर गुरें व शेळ्या सांभाळावयाच्या, असा तेथील जीवनक्रम. घराला लागून गोठा, आणि ओटीवर पायपुसण्याशेजारीं झोंपलेलें कुत्रें, हें तेथलें नेहमींचें दृश्य. पौष महिन्याच्या पौर्णिमेस मुरबाडजवळ म्हसा येथें यात्रा भरते व तिच्यांतला बैलबाजार फार दूरवर प्रसिद्ध आहे. गुरें, कुत्रीं, गवत आणि रान या चार गोष्टी जेथें एकत्र नांदतात, तेथें एक अनाहूत पाहुणी हटकून असतेच. ती म्हणजे गोचीड.

गोचीड आपण सर्वांनीं पाहिलेली असते. बैलाच्या मानेखालच्या पोळीवर, गाईच्या कासेजवळ, कुत्र्याच्या कानाच्या पाळींत ती घट्ट चिकटलेली असते, आणि पोटभर रक्त प्याली म्हणजे एरंडाच्या बीसारखी टपोरी दिसते. या साम्यामुळेंच लॅटिन भाषेंत गोचिडीला जें नांव आहे, तेंच शास्त्रज्ञांनीं एरंडाच्या झाडाला दिलेलें आहे. पुष्कळांची समजूत असते कीं गोचीड हा एक किडा आहे. परंतु ती कोळी आणि विंचू यांच्या गोतांतली. अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिलाला सहा पाय असतात. पुढच्या दोन अवस्थांत आठ. प्रत्येक अवस्थेंत तिला रक्ताचें जेवण हवें असतें. कांहीं जातींच्या गोचिडी सारा जन्म एकाच जनावराच्या अंगावर काढतात, तर कांहीं दर जेवणानंतर गळून खालीं पडतात व पुढच्या अवस्थेंत नवें जनावर शोधतात. अशा गोचिडी गवताच्या पात्याच्या टोंकाशीं चढून पुढचे पाय पसरून बसतात. त्या पायांवर वास व श्वासाची चाहूल ओळखणारीं इंद्रियें असतात. जवळून जाणारें जनावर गाय आहे, कुत्रें आहे कीं शाळेंतून परतणारें पोर आहे, याचा विधिनिषेध त्यांना नसतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गोचिडीचा दंश बहुधा दुखत नाहीं. तिच्या लाळेंत कातडी बधिर करणारीं व रक्त गोठूं न देणारीं द्रव्यें असतात. पिलू तर खसखशीच्या दाण्याएवढेंच. त्यामुळें “मला गोचीड चावल्याचें आठवत नाहीं” असें रोग्यानें सांगितलें, तरी तेवढ्यावरून गोचीड चावलीच नाहीं असें वैद्यानें मानूं नये.

आतां तापाकडे वळूं. गोचिडीच्या शरीरांत अनेक प्रकारचे सूक्ष्म जंतु राहतात. त्यांपैकीं रिकेट्सिया नांवाचे जंतु फार विलक्षण आहेत. साधे जंतु मांसाच्या काढ्यावर प्रयोगशाळेंत वाढवितां येतात. हे मात्र जिवंत पेशींच्या आंतच वाढतात, बाहेर नाहीं. हे जंतु गोचिडीच्या अंड्यांतून तिच्या पुढच्या पिढीसही वारशानें मिळूं शकतात, म्हणजे गोचीड ही त्यांची वाहकही आहे आणि त्यांचें कोठारही आहे. मनुष्याच्या शरीरांत शिरल्यावर ते रक्तवाहिन्यांच्या आंतल्या अस्तरांत बिऱ्हाड करतात. अस्तर सुजलें कीं बारीक वाहिन्या झिरपूं लागतात. त्वचेवर पुरळ उठतें, हातपाय सुजतात, आणि दुखणें वाढलें तर मेंदू, फुप्फुसें व मूत्रपिंडें यांस इजा पोंचते. आपल्या देशांत आढळणाऱ्या या तापास भारतीय गोचीड-ज्वर असें म्हणतात, आणि त्याच्या जंतूचें नांव रिकेट्सिया कोनोराय. 1910 सालीं ट्यूनिस येथें अशाच एका तापाचें वर्णन करणाऱ्या कोनोर या वैद्याचें नांव त्यास दिलेलें आहे.

गोचिडीसारखा क्षुद्र प्राणी रोग पसरवितो, ही कल्पना एके काळीं शास्त्रज्ञांनाही पटत नव्हती. अमेरिकेंत गुरांच्या एका तापाचा प्रसार गोचिडी करतात, हें थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं 1893 सालीं सिद्ध केलें. डांसामुळें हिंवताप होतो हें रोनाल्ड रॉस यांनीं दाखविलें, त्याच्याही आधींची ही गोष्ट. पुढें 1906 सालीं हॉवर्ड रिकेट्स यांनीं अमेरिकेंतील पहाडी प्रदेशांतला पुरळाचा ताप गोचिडीमुळें पसरतो हें दाखविलें. चारच वर्षांनीं मेक्सिकोंत टायफस तापाचें संशोधन करीत असतां त्याच तापानें ते वारले. जंतूंच्या या कुळाला त्यांचें नांव मिळालें तें त्यांच्या मृत्यूनंतर. आपल्या देशांत 1917 सालीं मेगॉ या लष्करी वैद्यानें कुमाऊंच्या डोंगरांतल्या एका तापाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तो रोगी दुसरा कोणी नसून स्वतः मेगॉच होता. गोचीड चावल्याचें त्यानें स्वतःच्या अंगावर पाहिलें होतें, म्हणूनच ताप आणि दंश यांची सांगड त्याला घालतां आली. रोगी स्वतःच जाणता असला म्हणजे निदान कसें सोपें होतें, याचें हें बोलकें उदाहरण होय.

पण हें झालें दूर कुमाऊंत. महाराष्ट्रांत हा ताप आहे काय? होय, आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु-विज्ञान संस्थेंतील पाद्बिद्री व त्यांचे सहकारी यांनीं पुणें जिल्ह्यांतील गोचीडजन्य रिकेट्सिया-रोगांवरचा आपला निबंध 1984 सालीं प्रसिद्ध केला. मुरबाडहून माळशेजचा घाट चढून गेलें कीं पुणें जिल्ह्याचा जुन्नर तालुका लागतो. त्याच्या शेजारच्या नाणेघाटांत जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण आजही आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं मालाचे तांडे तेथून ये-जा करीत. बैलाच्या पाठीवरच्या मालाला जकात पडत असेल, त्याच्या पोळीवरच्या गोचिडीला कसली जकात? जिल्ह्याची हद्द माणसांसाठीं असते. घाटावर जो रोग सांपडला, तो घाटाखालच्या वैद्याच्या मनांतून अगदींच हद्दपार असणें शहाणपणाचें नव्हे.

आतां असें समजा, कीं आश्विन महिना आहे. भातसानगरच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर शेळ्या चारणारा दहा वर्षांचा मुलगा आहे. त्याला ताप भरतो, डोकें फार दुखतें, अंग मोडून येतें, डोळे लाल होतात. त्याच सुमारास मुंबईहून एक सुशिक्षित कुटुंब सुट्टीच्या दिवशीं माहुलीच्या पायथ्याशीं फिरून आलेलें आहे. बरोबर त्यांचें लाडकें कुत्रेंही होतें. आठवड्यानें त्यांच्या मुलीलाही तसाच ताप येतो. पाड्यावरच्या मुलाची हिंवतापासाठीं रक्ततपासणी होते. मुंबईच्या मुलीची हिंवताप, डेंग्यू व विषमज्वर अशा तिन्हींसाठीं होते. दोघांच्याही तपासणींत कांहीं निघत नाहीं. दोघांनाही जंतुनाशक म्हणून पेनिसिलिनच्या कुळांतलें कांहीं औषध सुरू होतें. तीन-चार दिवसांनीं मनगटांवर व घोट्यांवर बारीक लाल पुरळ येतें. तें तळहातांवर व तळपायांवरही उतरतें. घरचीं माणसें म्हणतात, गोंवर असेल, किंवा औषध बाधलें असेल. येथें दोन्ही घरें सारख्याच संकटांत आहेत. त्या कुळांतलीं औषधें या जंतूला मुळींच लागूं पडत नाहींत, आणि वेळ मात्र निघून चालला आहे.

आपण म्हणाल, आजच्या काळांत इतक्या तपासण्या आहेत, मग रक्त तपासून जंतु कां सांपडूं नये? याचें उत्तर त्या जंतूच्या राहणींतच आहे. तो रक्तांत वाहत नसतो. तो रक्तवाहिनीच्या भिंतींत दडून असतो. दंडाच्या शिरेंतून काढलेल्या रक्तांत त्याला शोधणें म्हणजे घरांत लपलेल्या माणसाला रस्त्यावर शोधण्यासारखें आहे. पीसीआर या नांवानें ओळखली जाणारी जी युक्ति आहे, तिनें जंतूच्या डीएनएचा अत्यल्प अंशही अनेक पटींनीं वाढवून ओळखतां येतो. परंतु जें रक्ताच्या थेंबांत आलेंच नाहीं, तें वाढविणार कोठून? म्हणून दंशाच्या जागीं काळी खपली धरलेली असेल, तर तिच्याखालचा अंश, किंवा पुरळाच्या जागेवरचा त्वचेचा लहानसा तुकडा तपासणें रक्तापेक्षां अधिक फलदायी ठरतें. दुर्दैवानें आपल्याकडील गोचीड-ज्वरांत अशी खपली बहुतेकांना नसते.

दुसरा मार्ग म्हणजे जंतु न शोधतां त्याच्या विरुद्ध शरीरानें तयार केलेलीं द्रव्यें, म्हणजे प्रतिपिंडें, शोधणें. 1916 सालीं वाइल व फेलिक्स यांच्या ध्यानांत आलें, कीं टायफसच्या रोग्याच्या रक्तरसानें प्रोटियस नांवाच्या अगदीं निराळ्या जंतूच्या गुठळ्या होतात. याचें कारण या दोन जंतूंच्या आवरणांत योगायोगानें थोडें साम्य आहे. चोर सांपडला नाहीं, पण चोरासारखा दिसणारा माणूस उभा केला असतां साक्षीदार दचकला, असाच हा प्रकार. परीक्षा स्वस्त आहे, तिला मोठें यंत्र लागत नाहीं, म्हणून लहान ठिकाणीं ती अजूनही उपयोगी पडते. मात्र तिच्यांत कित्येक खरे रोगी निसटतात आणि कधीं कधीं निर्दोष माणूसही संशयांत सांपडतो. याहून नेमक्या अशा एलायझा व इम्युनोफ्लुओरेसन्स या नव्या परीक्षा आहेत. त्यांचीही एक अडचण आहे. प्रतिपिंडें तयार व्हावयास साधारण आठवडा लागतो. शिवाय तीं पूर्वींच्या एखाद्या संसर्गाचीं असूं शकतात. खात्री करावयाची तर आजाराच्या आरंभीं एकदां व दोन ते चार आठवड्यांनीं पुनः एकदां रक्त घेऊन, प्रमाण चौपट वाढलें कीं नाहीं, हें पाहावें लागतें. म्हणजे अंतिम निर्णय हातीं येईतों रोगी एक तर बरा होऊन शेतावर गेलेला असतो, नाहीं तर या जगांत नसतो.

मग या सर्व परीक्षा व्यर्थ आहेत काय? छे, मुळींच नाहीं. त्या एका रोग्यासाठीं उशिरा येतात, परंतु पुढच्या शंभर रोग्यांसाठीं वेळेवर असतात. एखाद्या तालुक्यांत हा ताप आहे हें त्यांनींच सिद्ध होतें, आणि एकदां सिद्ध झालें म्हणजे तेथील वैद्याच्या मनांत तें नांव कायमचें राहतें. म्हणून रोगी बरा झाला, तरी दुसऱ्या वेळचें रक्त द्यावयास त्यानें पुनः यावें. त्याच्या या एका खेपेचा उपकार त्याच्या शेजाऱ्यांवर होतो.

रोग्यांप्रमाणेंच गोचिडीही तपासाव्या लागतात. या कामाची रीत मोठी मजेदार आहे. पांढऱ्या फलालिनीचें किंवा तसल्याच लवदार कापडाचें एक निशाण काठीला बांधून तें गवतावरून हळूहळू ओढीत न्यावयाचें. गवतावर टपून बसलेल्या गोचिडींना तें जनावर वाटतें व त्या त्याला चिकटतात. शिवाय गोठ्यांतल्या गुरांच्या व दारच्या कुत्र्यांच्या अंगावरून चिमट्यानें वेंचावयाच्या त्या निराळ्या. प्रत्येक कुपीवर गांव, तारीख व जनावर यांची चिठ्ठी लावावयाची. मग सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांची जात ओळखावयाची, धुवून, वाटून, त्यांतील डीएनए वेगळा करावयाचा व त्यांत जंतूची खूण शोधावयाची. दोडामार्गच्या बाजूस 2016 सालीं ज्या माकडतापानें सिंधुदुर्ग जिल्ह्यास घाबरविलें, तो तापही गोचिडीचाच. मात्र त्याचें कारण जंतु नसून विषाणु आहे, आणि त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखें औषध नाहीं. 1957 सालीं कर्नाटकांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरूं लागलीं, तेव्हां पुण्याच्या या संस्थेंतल्या संशोधकांनीं रानोमाळ हिंडून अशाच रीतीनें गोचिडी गोळा केल्या होत्या.

परंतु गोचिडींत जंतूची खूण सांपडली, एवढ्यावरून “या गांवांत हा रोग आला” असा डांगोरा पिटणें मात्र योग्य नव्हे. गुराच्या अंगावरून काढलेल्या गोचिडीच्या पोटांत त्याच गुराचें रक्त असतें. तेव्हां खूण गोचिडीची कीं गुराची, हा प्रश्न राहतोच. शिवाय कांहीं जंतु गोचिडींचे निरुपद्रवी सोबती असतात. क्यू-ज्वराचा कॉक्सिएला हा जंतु घ्या. त्याचे कित्येक चुलत भाऊ गोचिडींच्या शरीरांत पिढ्यान् पिढ्या सुखानें नांदतात, माणसाला त्यांचा उपद्रव झाल्याचें दिसत नाहीं, आणि ढोबळ परीक्षेंत मात्र ते कॉक्सिएला म्हणूनच गणले जातात. म्हणून खरा निष्कर्ष तेव्हांच निघतो, जेव्हां त्याच गांवची गोचीड, तेथलेंच जनावर आणि तेथलाच रोगी यांच्यांत एकाच जंतूची तीच खूण सांपडते. हें काम एकट्या वैद्याचें नव्हे. पशुवैद्य, वनरक्षक, आरोग्यसेविका व प्रयोगशाळेंतला शास्त्रज्ञ यांनीं एका अंगणांत बसून करावयाचें तें काम आहे.

या सर्व विवेचनांतून एखाद्यास वाटेल, कीं मोठी प्रयोगशाळा जवळ नसेल तेथें हा ताप ओळखणें अशक्यच. अकोल्याच्या वैद्यांनीं याचें फार उत्तम उत्तर दिलें आहे. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी व त्यांचे सहकारी यांनीं 2011 सालीं एक गुणपद्धति सुचविली. रोगी खेड्यांतला आहे काय, घरीं जनावरें आहेत काय, गोचिडीशीं संबंध आला होता काय, डोळे लाल आहेत काय, पुरळ तळहातांवर व तळपायांवर आहे काय, हातपाय सुजले आहेत काय, यकृत वाढलें आहे काय, अशा प्रश्नांना गुण द्यावयाचे. त्यांना रक्तांतील बिंबाणु, सोडियम यांसारख्या नेहमींच्या तपासण्यांच्या गुणांची जोड द्यावयाची. आणि बेरीज ठराविक आंकड्याच्या वर गेली, तर या तापाचा संशय दृढ मानावयाचा. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा भाग विचारण्याचा व पाहण्याचा आहे. त्यासाठीं यंत्र लागत नाहीं. रोग्याच्या अंगावरचा सदरा बाजूला करून पाहणारा डोळा लागतो.

आणि संशय दृढ झाला म्हणजे थांबावयाचें नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें 2015 सालीं या रोगांविषयीं ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहतां उपचार सुरू करावे, असाच आदेश आहे. औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन. तें टेट्रासायक्लिनच्या कुळांतलें. या कुळांतलें पहिलें औषध 1948 सालीं ज्या प्रयोगशाळेंतून बाहेर पडलें, तिच्या संशोधनाची धुरा आंध्रचे सुपुत्र येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होती. आज डॉक्सिसायक्लिन हें फार स्वस्त औषध आहे व लहानशा आरोग्यकेंद्रांतही तें असतें. या कुळांतल्या औषधांनीं मुलांच्या दांतांवर डाग पडतात म्हणून वैद्य एके काळीं कचरत असत. परंतु या जीवघेण्या तापांत थोड्या दिवसांसाठीं तें लहान मुलांनाही द्यावें, असेंच आजचें वैद्यकीय मत आहे. वेळेवर दिलें तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. पावसाळ्यांत व त्यानंतर आपल्याकडे जो स्क्रब टायफस नांवाचा ताप आढळतो, तो गोचिडीमुळें नव्हे, तर तिच्याहून कितीतरी लहान अशा एका सूक्ष्म कोळ्याच्या पिलामुळें होतो. त्यालाही हेंच औषध लागू पडतें. मात्र हें औषध वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावें. नभोवाणीवर ऐकून कोणी दुकानांतून आणूं नये.

आतां घरोघरच्या व्यवहारासंबंधीं दोन शब्द. रानांतून, गवतांतून किंवा गोठ्यांतून आल्यावर अंग पाहावें. केसांची कड, कानांमागची जागा, काखा, जांघा व मुलांची मान हीं स्थळें विशेष पाहावीं. गोचीड चिकटलेली दिसली तर तिच्यावर घासलेट ओतणें, पेटती काडी लावणें किंवा तेल चोपडणें, हे घरगुती उपाय टाळावे. बारीक टोंकाच्या चिमट्यानें तिला कातडीलगत धरून, न पिळतां, सरळ वर ओढावी, व जागा साबणानें धुवावी. खेड्यांत बायका गुरांच्या गोचिडी काढून नखांवर चिरडतात. ती संवय विशेष घातक आहे, कारण चिरडलेल्या गोचिडींतले जंतु बोटांच्या ओरखड्यांतून किंवा डोळ्यांस हात लागल्यानें शरीरांत शिरूं शकतात. घरच्या कुत्र्याला पशुवैद्याकडे नेऊन गोचिडींचा बंदोबस्त करावा. कुत्र्यालाही गोचिडीमुळें एर्लिकिया नांवाच्या जंतूचा ताप येतो. तें निजून राहूं लागलें, अन्न सोडूं लागलें, त्याच्या नाकांतून रक्त येऊं लागलें, तर तो त्याच्यासाठीं इशारा आहेच, पण आपल्या घरांत गोचिडी आहेत याचीही ती सूचना आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांत लाइम नांवाचा गांव आहे. तेथें पॉली मरे नांवाच्या एक गृहिणी राहत. त्यांच्या घरांतल्या माणसांचे सांधे सुजत, अंगावर लाल चट्टे येत, ताप येई. कोणासही कांहीं कळेना. त्यांनीं सारें टिपून ठेवावयास सुरुवात केली, शेजारपाजारच्या मुलांनाही तेंच होत आहे हें पाहिलें, आणि 1975 सालीं आरोग्याधिकाऱ्यांना कळविलें. त्या टिपणांवरून तपास सुरू झाला, आणि पुढें 1982 सालीं विली बर्गडॉर्फर यांनीं गोचिडींच्या पोटांत त्या रोगाचा नागमोडी जंतु सांपडल्याचें प्रसिद्ध केलें. एवढ्या मोठ्या शोधाचा आरंभ प्रयोगशाळेंत झाला नाहीं. तो एका आईच्या वहींत झाला.

तशी वही आपल्याही घरीं असावी. ताप केव्हां आला, पुरळ कोठें उठलें, त्याआधीं दोन आठवड्यांत कोठें गेलों होतों, घरांत कोणतें जनावर आहे, अंगावर गोचीड सांपडली होती काय, हें तींत लिहून ठेवावें. शक्य तर ती गोचीडही एका कुपींत, तारीख लिहून, जपून ठेवावी. वैद्यांकडे गेल्यावर त्यांनीं विचारलें नाहीं, तरी आपण होऊन सांगावें: “डॉक्टरसाहेब, आम्ही रानांत गेलों होतों.” पाड्यावरच्या त्या मुलाची आई अशी वही लिहूं शकत नसेल. त्याच्यासाठीं तो प्रश्न दुसऱ्या कोणी तरी विचारला पाहिजे: आरोग्यकेंद्रांतल्या डॉक्टरांनीं, आरोग्यसेविकेनें, आश्रमशाळेच्या गुरुजींनीं. ताप आलेल्या मुलाला आपण थंडी वाजते काय, उलटी होते काय, असें विचारतोंच. त्यांच्या जोडीला एवढा आणखी एक प्रश्न विचारूं या: बाळा, तुला गोचीड चावली होती काय रे?